खोली कुठं गेली?

शहापुरात भाड्यानं खोली मागायला गेलं, की "देत नाही" असं कुणी मालक तोंडावर म्हणत नाही. तो म्हणतो, "खोली गेली." फाटकावर पाटी लटकत असते, खिडकीतून आतलं मोडकं स्टूल आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर दिसत असतं, आणि तरी खोली गेलेली असते. एकटी बाई बघितली की जाते. आडनाव ऐकलं की जाते. वरच्या पाड्यांतलं गाव सांगितलं की हमखास जाते. आपण मान हलवतो, चपला घालतो आणि पुढच्या गल्लीत शिरतो. मीही तेच केलं होतं. चांगुणामावशी मात्र तसं करत नसे. ती दारातच उभी राहायची, कमरेवर हात ठेवायची आणि विचारायची, "गेली? कुठं गेली?"

पंचवीस-एक वर्षं तिनं हा प्रश्न दुसऱ्यांच्या खोल्यांसाठी विचारला. गेल्या वर्षी तो स्वतःसाठी विचारायची पाळी तिच्यावर आली. ती राहत होती ती पाच खोल्यांची पत्र्याची चाळ पाडून तिथं बिल्डिंग उभी करायचं मालकाच्या मुलांनी ठरवलं, आणि अर्ध्या तालुक्याला खोल्या शोधून देणारी ही साठीच्या पुढची बाई स्वतःला परवडेल अशी एक खोली शोधत गावभर फिरू लागली. त्या दिवसांत मी तिच्याशी जे वागले, ते सांगायला मला लाज वाटते. पण मावशीबद्दल लिहायचं आणि तेवढंच गाळायचं, हे मला जमणार नाही.

माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं. शहापुरातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर नोकरी लागली, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि लग्न व्हायचं होतं. रोज जाऊन-येऊन करायचं म्हणजे सगळा कारभार एसटीच्या लहरीवर, आणि डॉक्टरांना तर सकाळी आठच्या ठोक्याला दार उघडं लागायचं. तीन दिवस मी खोल्या बघत फिरले. "मिस्टर काय करतात?" असा पहिला प्रश्न यायचा, मिस्टर नाहीत म्हटलं की खोली जायची. चौथ्या दिवशी दुपारी एसटी स्टँडजवळच्या पोळीभाजी केंद्रात बसून मी नाक ओढत जेवत होते. मागं तव्यापाशी तांदळाच्या भाकऱ्या थापणारी एक बाई होती. तिनं न वळताच विचारलं, "काय गो, भाजी तिखट हाय का दुसरंच काय तिखट लागलंय?"

मी सगळं सांगितलं. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली, उतरवली आणि मग पीठ झटकत म्हणाली, "चल. शेवटची खोली कंची गेली?"

ती खोली बाजारपेठेमागच्या एका घराच्या वरच्या मजल्यावर होती. मालकीणबाई दारात आल्या, मला बघून कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या, "अगं, तुला सकाळीच सांगितलं ना, खोली गेली."

"कुठं गेली?" मावशी म्हणाली. "चालत गेली का एसटीनं?"

"म्हणजे दिली आम्ही."

"कोनाला? नाव सांगा. मी वळखत आसन त्याला. निम्मा गाव मीच ठेवलाय भाड्यानं."

मालकीणबाई गडबडल्या. "ठाण्याचे आहेत कुणी. यायचेत अजून."

"येतील तवा येतील. ही आलीय, ही हितं उभी हाय." एवढं बोलून मावशी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. घाई नाही, भांडण नाही, आवाज चढवणं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय रे, बरा हाय ना?" असं विचारत बसून राहिली. जाणारा विचारायचा, "मावशी, इथं काय?" ती सांगायची, "खोली हारवलीय, शोधतंय." अर्ध्या तासात मालकीणबाईंनी किल्ली आणून दिली. मी त्या खोलीत लग्न होईपर्यंत राहिले.

मावशी शेणव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यातली. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा ती भांडली नाही, रडली नाही, एक पितळी तांब्या घेऊन शहापूरला चालत आली, असं तिची मंडळी सांगायची. ती स्वतः त्याबद्दल काही बोलायची नाही. अंगानं लहानखुरी, रंगानं काळीसावळी, लुगडं आखूड नेसलेलं. काचेच्या हिरव्या बांगड्या फक्त डाव्या हातात, कारण उजव्या हातातल्या भाकरी थापताना आड येतात. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली तिच्या खोलीची किल्ली. दवाखान्यात एकदा एका पेशंटबाईंनी तिला विचारलं होतं, "मावशी, गळ्यात हे काय?" तर मावशी म्हणाली, "माझं डोरलं. दुसरं होतं ते टिकलं नाय."

आमच्या भागात दलाल आहेत, एजंट आहेत, आता तर मोबाइलवर फोटोसुद्धा येतात. फोटोत सगळ्याच खोल्या गोऱ्यापान दिसतात. मावशीची खोली बघायची रीत निराळी होती. आत शिरली की आधी ती भिंतीला गाल लावायची. हात नाही, गाल. हाताला सगळंच गार लागतं, म्हणायची. भर पावसाळ्यात खोली बघायला मिळाली तर तिला बरं वाटायचं, कारण भिंत खोटं बोलू शकत नाही. मग तांब्याभर पाणी कोपऱ्यात ओतून ते कुठं वाहत जातं ते बघायची. आणि शेवटी आम्हा सगळ्यांना, मालकासकट, बाहेर काढून आतून कडी लावून घ्यायची. पाच मिनिटं आत काय करायची कुणास ठाऊक. मालक बाहेर चुळबुळत. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "कडी लावल्यावर खोली आपली वाटते का नाय, त्ये बगते. काय खोल्या कडी लावली तरी मालकाच्याच ऱ्हातात."

कुलपाच्या बाबतीत तर ती ऐकूनच घ्यायची नाही. मालकानं दिलेलं कुलूप ती तिथल्या तिथं परत करायची. आपण हार्डवेअरच्या दुकानातून नवं आणायचं, दोन्ही किल्ल्या आपल्याकडं. मालक कुरकुरायचे, "एक किल्ली आमच्याकडं असू दे, अडीनडीला." मावशी म्हणायची, "अडीनडीला दार वाजवा." मला तिनं घेऊन दिलेलं कुलूप अजून माझ्याकडं आहे. दुकानदारानं सात कुलपं समोर मांडली होती आणि तिनं एकेक लावून दोनदा हिसका दिला होता. सहावं पसंत पडलं.

आणि दलाली म्हणून ती काय घ्यायची? चहा. नव्या खोलीत, नव्या भाडेकरूनं स्वतःच्या स्टोव्हवर केलेला पहिला चहा. सामान लागलं नसलं तरी चालेल, कपबशी नसली तर पेल्यात चालेल, पण पहिला घोट तिचा. खोली जिनं शोधली तिचा पहिला चहा, असा तिचा कायदा. माझ्या खोलीतला पहिला चहा दूध नासल्यामुळं काळाच झाला. तोही ती फुर्र करून प्यायली आणि म्हणाली, "झाली तुजी खोली. आता कोन आला तरी उठू नको."

तिच्याकडं येणारे बहुतेक वरच्या पाड्यांतले असत. कुणाला गोडाऊनमध्ये काम मिळालेलं, कुणी नर्सिंग शिकायला आलेली, कुणी आसनगावला लोकल पकडून ठाण्यापर्यंत जाणारा. भातशेती आणि नाचणी-वरईच्या जिवावर आता वर्ष निघत नाही, म्हणून खाली उतरलेली ही तरणी माणसं. त्यांना खोली न मिळण्याचं आणखी एक कारण मावशीनं शोधून काढलं होतं, आणि ते मला कधीच सुचलं नसतं.

काळू आणि सोनी हे नवं जोडपं. काळूला गोडाऊनची नोकरी, दोघंही नीटनेटकी, मितभाषी. चार ठिकाणी खोली ठरत आली आणि शेवटच्या क्षणी गेली. मावशी पाचव्या ठिकाणी स्वतः बरोबर गेली. मालकानं विचारलं, "किती जण?" काळू सरळ मनानं म्हणाला, "चौदा."

मालक मागंच सरकला. दहा बाय बाराची खोली!

बाहेर आल्यावर मावशीनं काळूला रस्त्यातच उभं केलं. "चौदा कुठून आनलेस रे?" तो बिचारा बोटांवर मोजत सांगू लागला. आई, बाप, आजी, तीन भाऊ, त्यांच्या बायका, त्यांची पोरं, आम्ही दोघं. पाड्यावर "घरात किती?" असं विचारलं, की कूळ सांगतात. कुणाला वगळलं तर ते अशुभ, आणि आजी जिवंत असताना तिला मोजायचं नाही म्हणजे काय? मालक खोलीबद्दल विचारत होता आणि काळू घराबद्दल सांगत होता. कुणीच खोटं बोलत नव्हतं.

मावशी हसली नाही. तिनं त्याला समजावलं, "हितं जेवनारी नाय मोजायची. झोपनारी मोजायची. खोलीत कोन झोपनार?"

"आमी दोघं."

"मंग दोन सांग. बाकीची बारा तुझ्या मनात ऱ्हावदे, तितं भाडं नाय लागत."

त्यानंतर ती प्रत्येकाला आधी हाच धडा द्यायची. झोपणारी मोज. केंद्रात भाकऱ्या थापता थापता ती पोरींची तोंडी परीक्षा घ्यायची. "किती जनं?" "एक, मावशी." "आनि आई?" "आई गावाला झोपते, मावशी." "पास."

पण धडा पाठ करून सगळं सुटत नसे. काळूचीच गोष्ट सांगते. सहावी खोली नानाशेठची होती. नानाशेठ म्हणजे आमच्या दवाखान्याच्या समोरच्या गल्लीत राहणारे जुने शेतकरी. भातशेती भावाकडं, आणि यांच्या घरामागं भाड्याच्या तीन खोल्या. काळूनं बरोब्बर "दोन" सांगितलं. शेठनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, जरा वेळ कान खाजवला आणि म्हणाले, "आमाला काय नाय हो. पन तुमच्यात सुकटीचा वास फार. आजूबाजूला चालत नाय. खोली गेली समजा."

या वेळी मावशी पायरीवर बसली नाही. "समजा?" एवढंच म्हणून तिथून निघाली. आठवडी बाजाराच्या दिवशी मी भाजी घेत होते. पलीकडं सुक्या मासळीच्या बायका बसतात, तिथं नानाशेठ वाकून मूठभर जवळा हुंगून बघत होते. मावशी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथून तिनं हाक मारली, "ओ नानाशेठ! पिशवीचं तोंड गच्च बांधा हो! वास आजूबाजूला चालत नाय!" अख्खा बाजार वळला. मासळीवाल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शेठ जवळा तिथंच टाकून घरी गेले. काळूला पुढं सापगावच्या रस्त्याला खोली मिळाली, पण नानाशेठ आणि मावशी यांचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं.

मग गेल्या वर्षी तिची चाळ पाडायचं निघालं. म्हाताऱ्या मालकानं तिला वीस वर्षांपूर्वी तोंडी शब्दावर ठेवलं होतं. तो वारला, आणि मुलं आली. "तुमचं नाव कुठल्या कागदावर आहे?" त्यांनी विचारलं. कुठल्याच नव्हतं. दुसऱ्यांसाठी करार करायला लावणारी, नवी कुलपं घ्यायला लावणारी ही बाई स्वतः वीस वर्षं निव्वळ शब्दावर राहिली होती. मला ती म्हणाली, "येडी मी. म्हाताऱ्यासंग शब्द पन मरतो, हे ध्यानातच नाय आलं." आणि मग बोटं नाचवत, "आता खोली घेईन तर कागदावर. चांगुणा, असं मोठं लिवलेलं." तिला लिहिता फक्त स्वतःचं नाव येतं, तेही इतकं मोठं की पेन्शनच्या फॉर्मवर चौकटीबाहेर जातं.

तिचा भाचा पाड्यावरून न्यायला आला. चांगला होता तो. म्हणाला, "आत्या, चल घरी. काय कमी हाय?" ती म्हणाली, "तितं मला कोपरा मिळंल, जानतंय मी. मला दार पायजे. आतून लावायला." भाचा दोन दिवस थांबून परत गेला.

जुन्या चाळी एकामागून एक पडत होत्या. नव्या बिल्डिंगांतल्या भाड्याचं नुसतं ऐकून भाकरीवाली बाई पाणी पिऊन परत यावी, असं ते भाडं. उरलेल्या साध्या खोल्यांसाठी नोकरदारांची रांग. आणि मावशीला तर नकाराचं नवंच कारण भेटलं. एकटी म्हातारी. उद्या काही झालं तर कोण निस्तरणार? ती जिथं जाईल तिथं खोली जात होती. तिनं ज्यांना खोल्या मिळवून दिल्या, ते सगळे स्वतःच भाडेकरू. त्यांच्यातल्या कुणाच्याच हातात द्यायला खोली नव्हती.

माझ्या हातात होती.

लग्नानंतर आम्ही सापगावला छोटं घर बांधलं. खाली आम्ही आणि सासूबाई, वर एक खोली, बाहेरून जिना. ती दोन महिने रिकामी होती. मावशी एका संध्याकाळी आली, ओटीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "वंदे, तुजी वरची खोली हाय ना गो? भाडं सांग."

माझ्या डोक्यात एका क्षणात किती गोष्टी आल्या! सासूबाई आत ऐकत होत्या. ह्यांच्या मनात कुणी कंपनीतला माणूस ठेवायचा होता. पण खरं सांगायचं तर हे सगळं नंतरचं. पहिली आली ती भीती. ही आता म्हातारी झाली, आजारी पडली तर तिचं सगळं माझ्या गळ्यात पडणार. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "मावशी, ती... गेली गं."

मी वाट बघत राहिले. आता ती विचारणार, कुठं गेली? तिनं मान वर करून त्या खोलीच्या खिडकीकडं बघितलं. खिडकी सताड उघडी, जिन्यावर वाळलेली पानं. तिनं विचारलं असतं तर मी तिथंच मान खाली घालून किल्ली दिली असती. तिनं विचारलं नाही. "बरं," म्हणाली, पेला उपडा ठेवला आणि निघाली.

तो "बरं" मला चार दिवस चावत होता. पाचव्या दिवशी घरात सगळ्यांशी बोलून, भांडून, मी केंद्रात गेले. ती तव्यापाशी होती. मी म्हटलं, "मावशी, वरची खोली आहे. तू ये राहायला. भाडं-बिडं काही नको."

तिनं भाकरी थापणं थांबवलं नाही. "भाडं नको म्हंजे कुलूप तुझं," ती म्हणाली.

"बरं, भाडं दे. तू म्हणशील ते."

"आता नाय गो. तू गेली म्हनलीस ना? मंग गेली." मग वळून माझ्याकडं बघत, पिठाचा हात हलवत म्हणाली, "आनि रडू नको हितं. गिऱ्हाईक म्हनंल, भाजी तिखट."

मला तेव्हा तिचा रागही आला. आलेली खोली नाकारायची, चाळ पाडायला आठच दिवस उरलेले असताना! कसला हा ताठा? पण आज वाटतं, तो ताठा नसता तर मला तरी शहापुरात खोली कुठून मिळाली असती?

दुसऱ्याच दिवशी दुपारी दवाखान्याच्या खिडकीतून मला दिसलं, मावशी नानाशेठच्या पायरीवर बसली होती. शेजारी पितळी तांब्या. भाकऱ्यांचं काम उरकून ती आली होती आणि दिवेलागणीला उठून गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तशीच. शेठची बायको दोन वर्षांमागं गेली होती, घरात ते एकटेच. दोन-तीनदा दार उघडून त्यांनी बाहेर बघितलं आणि परत लावलं. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. त्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला होता, तो द्यायच्या निमित्तानं मी रस्ता ओलांडला.

शेठ दारातच उभे होते. "बाई, आता ऊठ. खोली गेली म्हनून सांगितलं ना?"

"कुठं गेली?" मावशी म्हणाली. "तीन दिस मी हितं हाय. आत कोन शिरला नाय, भाईर कोन आला नाय. कौलातून गेली का?"

"तू बाजारात माझी शोभा केलीस, आठवतंय ना?"

"आठवतंय. तुमी काळूची केलीत, त्ये पन आठवतंय."

शेठनी कान खाजवला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तसं नाय. एकटी म्हातारी तू. उद्या काय झालं तर मी काय करू?"

मी रिपोर्टचा कागद धरून तिथंच उभी. हेच माझ्या मनातलं वाक्य, फक्त मी ते बोलले नव्हते. मावशीनं माझ्या हातातला कागद बघितला. "ह्यो कागद कसला हाय, शेठ? साखरेचा ना? उद्या तुमालाबी काय तरी व्हनार हाय. मंग तुमी घर सोडलं का? मी काय मराया खोली मागत नाय. ऱ्हायला मागतेय. मरायचं काम आलं म्हंजे माझं मी बगन."

नानाशेठनी कागद घेतला, चष्मा न लावताच त्यावर नजर फिरवली. मग त्याची घडी घालत म्हणाले, "सुकट शिजवशील?"

"शिजवन. वाडगाभर तुमाला पन दीन."

"किती जन?"

"चौदा," मावशी म्हणाली. मग तांब्या उचलून उठत म्हणाली, "झोपनारी एक."

शेठना हसू आवरेना. ते तसेच हसत आत गेले आणि किल्ली घेऊन आले. मावशीनं भिंतीला गाल लावला, कोपऱ्यात पाणी ओतलं आणि आम्हा दोघांना बाहेर काढून आतून कडी लावली. शेठ मला म्हणाले, "ही काय करते आत?" मी म्हटलं, "माहीत नाही." या वेळी ती पाच मिनिटांपेक्षा बराच जास्त वेळ आत होती.

तहसील कचेरीजवळच्या टायपिस्टाकडं करार करायला मीही गेले. तो सवयीनं बोलला, "अकरा महिन्यांचा करार." मावशीनं त्याला थांबवलं. "अकरा का? वरसाचे बारा असतात. बाराव्या महिन्यात मी कुठं ऱ्हाऊ, आंब्यावर?" त्यानं समजावलं की सगळे असाच करतात, मग पुन्हा नवा करायचा असतो. "मंग तसं लिव," ती म्हणाली. त्यानं शेठकडं बघितलं, शेठनी मान डोलावली, आणि मुदत संपल्यावर करार पुन्हा करायचा असं एक वाक्य वाढवण्यात आलं. खाली तिनं "चांगुणा" लिहिलं. शेवटचा काना कागदाच्या कडेला जाऊन टेकला.

चाळ पाडायला घेतली त्याच्या आदल्या दिवशी ती सामानासकट नव्या खोलीत गेली. दुपारी मला निरोप आला, च्या प्यायला ये. मी गेले. कडीत नवं कुलूप उघडं लटकत होतं. स्टोव्ह पेटलेला, दोन कप मांडलेले. इतक्या खोल्यांतला पहिला चहा ती प्यायली होती, म्हणून मला वाटलं, हा मला देणार. हात पुढं केला, तर तिनं कप स्वतःकडं ओढला.

"खोली कोनी शोधली?" तिनं विचारलं.

"तूच."

"मंग पयला च्या माझा."

ती उंबऱ्यात बसून तो चहा प्यायली, सावकाश, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. मी समोर रिकाम्या हातानं बसून होते. कप संपवून तिनं धुतला, मग माझा चहा ओतला. मला वाटलं होतं मी रडेन, पण मला बरं वाटत होतं. चहा पिताना तिनं विचारलं, "तुजी वरची खोली गेली का गो?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "आहे."

"हां," ती म्हणाली आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. फाटकाशी एक अनोळखी मुलगी उभी होती. नर्सिंगचा पांढरा गणवेश, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, आणि हातात कागदात गुंडाळलेलं कोरं कुलूप. घाबरलेली होती. पाठ केल्यासारखं म्हणाली, "ताई, खोली हाय का? झोपनारी एक हाय."

मी तिच्या पलीकडं बघितलं. रस्त्याच्या वळणावर, जिथून एसटी येते तिथं, चांगुणामावशी उभी होती. आखूड लुगडं, गळ्यात किल्ली, कमरेवर हात. ती जवळ आली नाही, हाक मारली नाही. मी काय उत्तर देते ते ऐकायला थांबली होती.

"आहे," मी म्हणाले. वळणापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं म्हणाले.

तिनं कमरेवरचा हात काढला आणि आलेल्या एसटीला केला.